अकॉर्डियनची मंडळे आणि आपली पेटी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



स्नेहसंमेलनात बोलणाऱ्याने शिक्षण, विवाह किंवा उद्योगधंदा यांपैकी एखादा विषय निवडावा, असा आपल्याकडील प्रघात आहे. आज त्या प्रघातास किंचित बगल देऊन मी एका परदेशी वाद्याविषयी आणि त्या वाद्याच्या निमित्ताने एकत्र जमणाऱ्या साध्या माणसांविषयी चार शब्द सांगणार आहे. विषय केवळ करमणुकीचा वाटेल. परंतु त्याच्या अखेरीस आपल्या संस्थेपुढे मला एक सूचना ठेवावयाची आहे. ती ग्राह्य की अग्राह्य, हे आपणच ठरवावयाचे आहे.

अकॉर्डियन हे वाद्य आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले नसेल. पण ते ऐकले नाही असा मनुष्य या सभागृहात सापडणे कठीण. हिंदी चित्रपटसंगीतात त्याने कित्येक वर्षे मानाचे स्थान भोगले. गुडी सिरवाई, केर्सी लॉर्ड, पुण्याचे इनॉक डॅनियल्स ही त्या क्षेत्रातील मान्यवर नावे होत. १९६९ सालच्या 'आराधना' चित्रपटातील एका सुप्रसिद्ध गीतात केर्सी लॉर्ड यांनी वाजविलेले अकॉर्डियन आजही श्रोत्यांच्या कानांत घुमते आहे.

दिसावयास हे वाद्य कितीही निराळे असले, तरी ते आपल्या पेटीचे सख्खे भावंड आहे. पितळेची किंवा पोलादाची एक बारीक पत्ती घ्यावी, तिचे एक टोक चौकटीस जखडावे, दुसरे मोकळे ठेवावे आणि भात्याची हवा तिच्यावरून सोडावी, म्हणजे ती कंप पावून बोलू लागते. पेटी आणि अकॉर्डियन या दोहोंचे मर्म एवढेच. चीनमधील 'शेंग' नावाच्या अतिप्राचीन वाद्यात हेच तत्त्व आढळते. युरोपात १८२९ साली व्हिएन्ना शहरी सिरिल डेमियन नावाच्या कारागिराने आपल्या वाद्याचे एकस्व घेतले. त्याची एक कळ दाबली की एकाच वेळी अनेक स्वरांचा मेळ निघे. अशा स्वरमेळास जर्मन भाषेत 'अकॉर्ड' म्हणतात. त्यावरूनच 'अकॉर्डियन' हे नाव पडले. पुढे १८४२ साली पॅरिस येथे देबँ याने 'हार्मोनियम' या नावाने एकस्व घेतले. ती पायाने भाता चालवावयाची पेटी. आपल्या देशात भारतीय बैठकीस सोयीची अशी हाताच्या भात्याची पेटी प्रचारात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना दिले जाते.

दोहोंत एक भेद मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. आपण पेटी वाजवितो तेव्हा एक हात भात्यास द्यावा लागतो आणि सूर धरावयास एकच हात उरतो. अकॉर्डियन गळ्यात अडकविलेले असते. वादकाचा डावा हात भाताही ताणतो आणि त्याच वेळी त्याची बोटे खर्जाच्या बटणांवर फिरतात. उजवा हात पट्ट्यांवर चाल वाजवितो. पूर्ण आकाराच्या वाद्यास उजवीकडे ४१ पट्ट्या आणि डावीकडे १२० बटणे असतात, आणि त्याचे वजन १० किलोच्या आसपास भरते. एकटा मनुष्य जणू एक लहानसा वाद्यवृंदच अंगावर वागवीत असतो. म्हणूनच ते खाणकामगार, कोळी, शेतकरी यांचे वाद्य झाले. एक वादक मिळाला की गावाचा नाच सुरू!

या दोन्ही वाद्यांच्या कपाळी एकच भोग आला. विद्वानांनी त्यांना फारसा मान दिला नाही. अकॉर्डियन हे रस्त्यावरचे व गुत्त्यातले वाद्य, असे युरोपातील प्रतिष्ठितांनी म्हटले. आपल्याकडे पेटीवर आक्षेप आला तो असा की, तिचे सूर आधीच ठरलेले असल्यामुळे तिच्यातून मींड निघत नाही व श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत. आक्षेप शास्त्रदृष्ट्या निराधार नव्हता. पण त्याचा परिणाम असा झाला की, १९४० साली आकाशवाणीवरून पेटीस हद्दपार करण्यात आले आणि ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. उठली तीही मर्यादित स्वरूपात.

एकतीस वर्षे! एवढ्या अवधीत एखादे वाद्य नामशेष व्हावयास हरकत नव्हती. मग पेटी जगली कशी? ती कीर्तनात होती, भजनी मंडळात होती, नाटकात होती, तबल्याच्या लेहऱ्यास होती, आणि घरोघरी मुलींच्या गाण्याच्या शिकवणीत होती. आकाशवाणीने जिला दार लावले, तिला आळीतल्या दहा माणसांनी सतरंजीवर जागा दिली. वाद्यास मोठेपणा दरबारातून मिळत असेल. आयुष्य मात्र त्यास मंडळाकडूनच मिळते. आजच्या भाषणाचा मुद्दा हाच आहे, आणि तो स्पष्ट व्हावा म्हणून मी आपणास स्कॉटलंडमध्ये घेऊन जातो.

स्कॉटलंडमध्ये अनेक गावांतून अकॉर्डियन आणि व्हायोलिन यांची मंडळे आहेत. त्या देशात डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारासच अंधार पडतो. बाहेर थंडी आणि वारा, आणि शेतीची कामे थोडी. आपल्याकडे चातुर्मासात पोथी व भजने रंगतात, तशी तिकडे हिवाळ्यात ही मंडळे रंगतात. शरद ऋतूत हंगाम सुरू होतो आणि वसंतापर्यंत चालतो. महिन्यातील एक ठराविक वार, गावातील एखादे सभागृह किंवा खाणावळीची मोठी खोली, आणि दाराशी घेतले जाणारे माफक प्रवेशमूल्य, एवढीच त्यांची सामग्री.

अशा रात्रीचा क्रम मोठा बोधप्रद असतो. आरंभी गावातीलच हौशी वादक एकामागून एक दोन-तीन चाली वाजवितात. त्यांत निवृत्त झालेला आजोबा असतो, तशीच नुकती शिकू लागलेली दहा वर्षांची मुलगीही असते. भाता तिच्या हातून नीट आवरत नाही, एखादा सूर निसटतो. पण शेजारी बसलेला जुना वादक हळूच साथ धरतो आणि चाल पार पडते. त्यानंतर बाहेरगावाहून बोलाविलेला पाहुणा वादक किंवा त्याचा वाद्यवृंद वाजवितो. मध्यंतरात चहा-फराळ होतो आणि सोडत निघते. सोडतीची बक्षिसे बहुधा सभासदांनीच आणलेली असतात आणि त्या पैशांतून पुढील पाहुण्याचा खर्च भागविण्यास हातभार लागतो. मग पाहुण्याचे पुन्हा वादन होते आणि रात्र संपते.

पाहुणा कितीही नामवंत असो, रात्रीचा पहिला मान गावच्या शिकाऊ वादकाचा! आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. थोर कलावंतास पाचारण करावयाचे, त्याच्यापुढे आपण श्रोते होऊन बसावयाचे, आणि मुलांचे कार्यक्रम पाहुणे येण्याच्या आधी, खुर्च्या मांडीत असता उरकून घ्यावयाचे! त्यामुळे आपणास उत्तम श्रवण लाभते, पण वाजविणारी माणसे निर्माण होत नाहीत.

त्या देशाचे सर जिमी शँड यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १९०८ साली फाइफ परगण्यातील ईस्ट वीम्स या खाणगावी एका खाणकामगाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील स्वतः भात्याचे वाद्य वाजवीत. मुलगाही खाणीत उतरला. १९२६ च्या मोठ्या संपात खाणकाम सुटले, आणि पुढे डंडी शहरातील वाद्यांच्या एका दुकानाने त्यांच्या वादनास वाट करून दिली. १९५५ साली त्यांची एक ध्वनिमुद्रिका ब्रिटनमधील लोकप्रिय ध्वनिमुद्रिकांच्या यादीत झळकली, आणि १९९९ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांस 'सर' ही पदवी मिळाली. एवढा सन्मान झाला. पण त्यामागे उभी होती ती घरातील, गल्लीतील आणि गावच्या नाचातील शिकवण.

जर्मनीने दुसरा मार्ग धरला. ट्रॉसिंगेन या लहानशा गावी मत्तियास होनर याने १८५७ साली तोंडाने वाजवावयाच्या बाजांचा कारखाना काढला, आणि पुढे त्याच कारखान्याची अकॉर्डियने जगभर गेली. १९३१ साली अशा वाद्यांच्या मंडळांचा देशव्यापी संघ तेथेच स्थापन झाला. जर्मन मंडळांत पंधरा-वीस अकॉर्डियनवादक एकत्र बसून, प्रत्येकाने आपला निराळा भाग वाजवून, एकच रचना सादर करतात. स्कॉटलंडमध्ये प्रत्येकास आपली पाळी मिळते. जर्मनीत प्रत्येकास आपला भाग मिळतो. दोहोंत कोणीही नुसता बसून राहत नाही.

हे सर्व परक्यांचे आहे, असे मात्र समजू नये. पूना गायन समाज १८७४ साली स्थापन झाला. कोल्हापूरचा गायन समाज देवल क्लब १८८३ सालचा. 'क्लब' हा शब्द आपल्या संगीताने केव्हाच पचविला आहे! गोविंदराव टेंबे हे पेटीवादनातील एक अत्यंत थोर नाव. १९११ सालच्या 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्या. पेटी ते बव्हंशी स्वतःच शिकले. पण कान तयार झाले ते देवल क्लबसारख्या ठिकाणी होणाऱ्या श्रवणाने. गुरू न लाभताही मनुष्य वादक होऊ शकतो. परंतु मंडळावाचून होणे फार दुर्घट.

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांत पेटी आहे. मूल परीक्षेपुरते शिकते, प्रमाणपत्र भिंतीवर चढते आणि पेटी कपाटावर चढते. न वाजविलेल्या पेटीचे काय होते, हे दुरुस्ती करणाऱ्या कारागिरास विचारावे. पत्तीवर धूळ बसून सूर अडतो, भात्याच्या घड्या विरतात, कसर लागते. ज्या मुलाने ती सोडली त्याचेही तसेच होते. बोटे विसरतात, आणि मग हाती फक्त भ्रमणध्वनी उरतो. घरात एकटे पडलेले वृद्ध आईवडील हा आपल्या काळाचा आणखी एक प्रश्न. त्यांपैकी कित्येकांच्या बोटांत अजून जुन्या नाट्यपदांच्या चाली आहेत. ऐकावयास कोणी नाही, एवढेच.

म्हणून माझी सूचना अशी. संस्थेच्या सभागृहात दर महिन्याच्या एका ठराविक शनिवारी सायंकाळी वाद्यमंडळ भरवावे. पेटी, तबला, व्हायोलिन, बासरी, अकॉर्डियन, ज्यास जे येत असेल ते त्याने आणावे. पहिला तास शिकाऊ मंडळींचा. त्यांत कोणासही वगळू नये व कोणाचीही तुलना करू नये. दुसरा तास जाणत्यांचा. वर्षातून दोनदा बाहेरील कलावंतास आमंत्रण द्यावे. खर्च चहा आणि सोडत यांतून निघावा. स्वतंत्र निधी उभारण्याची गरज नाही. चातुर्मासात आरंभ करावा, म्हणजे वार्षिक संमेलनास मंडळ तयार होईल.

आणखी एक गोष्ट, जी काही बंधूंना रुचणार नाही. तरीही ती बोललीच पाहिजे. या मंडळाचे दार केवळ आपल्या ज्ञातीपुरते असू नये. शिष्यवृत्ती व वसतिगृह यांसाठी ज्ञातिनिधी उभारला गेला, तो ज्यांच्यासाठी उभारला त्यांच्याचकडे जावा. त्याविषयी माझा वाद नाही. सूर हा कोणाचा निधी नव्हे. चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात पारशी, गोमंतकीय ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू वादक एकाच खोलीत बसले, म्हणून ते संगीत घडले. आपल्या शेजारच्या बिऱ्हाडातील मुलास तबला येत असेल आणि आपल्या मुलीस पेटी येत असेल, तर त्या दोघांनी निरनिराळ्या सभागृहांत बसून एकमेकांवाचून वाजवावे, यात ज्ञातीचा कोणता लाभ आहे? यजमानपण आपले असावे, पंगत सर्वांची असावी. आपल्या वडिलांनी हे सभागृह बांधले, त्याची शोभा त्यानेच वाढेल.

कार्यकारी मंडळाने या सूचनेचा पुढील सभेत विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे. तोपर्यंत प्रत्येकाने घरची पेटी कपाटावरून खाली काढून, पुसून, निदान एकदा भाता हलवून पाहावा. जे सूर अडले असतील ते मोजून ठेवावे; दुरुस्तीसाठी कारागिरास एकाच दिवशी बोलावू म्हणजे खर्चही कमी येईल.