नऊ महिने साडेसात दिवस



श्वेतांबर परंपरेच्या कल्पसूत्रात एक हृद्य प्रसंग आहे. आपल्या हालचालीने मातेस क्लेश होऊ नयेत म्हणून भगवान महावीर गर्भात निश्चल राहिले. गर्भ हलत नाही हे जाणवताच त्रिशलामाता शोकाकुल झाली. ते जाणून भगवंतांनी किंचित हालचाल केली, तेव्हा मातेचा जीव शांत झाला. गर्भाची हालचाल हे त्याच्या कुशलतेचे लक्षण होय, हे त्या मातेने ओळखले होते.

'तंदुलवैचारिक' या आगमग्रंथात गर्भवासाचा काळ साडे२७७ दिवस सांगितला आहे. कल्पसूत्रातील नऊ महिने साडेसात दिवस ते हेच. आजचे वैद्यक शेवटच्या पाळीपासून २८० दिवस धरते.

गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नलिका बंद होते. पुष्कळदा तोवर मातेला दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते. म्हणून फॉलिक आम्लाची गोळी आधीपासून घ्यावी असे डॉक्टर सांगतात. तिसऱ्या महिन्याअखेर बहुतेक अवयवांची घडण झालेली असते. पहिलटकरणीला साधारण पाचव्या महिन्यात हालचाल जाणवते. त्याच सुमारास गर्भाशय बेंबीपर्यंत येते.

मातेच्या देहाचा हिशोबही पाहण्याजोगा आहे. तिचे वजन सरासरी ११ किलोने वाढते. त्यात बाळ सुमारे ३ किलो, वार अर्धा किलो, गर्भजल पाऊण किलोच्या आसपास, गर्भाशयाची वाढ सुमारे १ किलो, वाढलेले रक्त दीड किलो आणि स्तनांची वाढ अर्धा किलो. उरलेली चरबी व द्रव ही स्तनपानासाठी केलेली शिल्लक होय. रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, पण त्यातील पाणी तांबड्या पेशींपेक्षा अधिक वाढते. त्यामुळे रक्त पातळ होते आणि लोहाची गरज वाढते. हृदयही अधिक काम करते. दम लागणे, पायांवर थोडी सूज, जळजळ या गोष्टी बहुधा याच बदलांतून येतात.

येथे समाजाने एक विचार करावा. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात सून गर्भवती असताना निर्जल उपवास करते आणि घरात कौतुक होते. त्रिशलामातेचा आहार कल्पसूत्रात वर्णिला आहे: फार उष्ण नाही, फार शीत नाही, फार तिखट नाही, गर्भास हितकर असा. म्हणजे शास्त्रानेही तिला उपाशी ठेवलेले नाही. गर्भवतीने वेळेवर जेवावे, दूध, दही, डाळी, कडधान्ये घ्यावीत. शाकाहारात बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते, त्याविषयी डॉक्टरांना विचारावे. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. तपाची अनुमोदना सासूने तिच्या ताटात वाढून करावी.

२०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतीची मोफत तपासणी होते. फर्दापूर अजिंठा घाटाच्या पायथ्याशी आहे. संभाजीनगर सुमारे १०० किलोमीटर, जळगाव सुमारे ६०. म्हणून बाळंतपण कोठे, वाहन कोणाचे, हे आठव्या महिन्यातच ठरवावे. १०८ क्रमांक घरातील सर्वांना पाठ असावा. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, चेहऱ्यावर सूज, पाणी जाणे किंवा हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

अहिंसेचा पहिला पाठ घरातील गर्भवतीपासून सुरू होतो. तिची आबाळ होऊ न देणे हीच खरी जीवदया. जय जिनेंद्र!