तुटलेला धागा आणि मनाची शांती

(वर्षावासाच्या प्रवचनमालेत केलेले भाषण)



मी काही विद्वान नाही. शिक्षण नववीपर्यंत. पुढे जे वाचले ते गिरणीच्या पाळ्या सांभाळून. म्हणून आज पुस्तकातले कमी आणि स्वतःवर बेतलेले जास्त सांगणार आहे.

तीस वर्षे मी साचाखात्यात काढली. साच्यांचा आवाज एवढा, की शेजारच्याशी बोलायचे तर हाताने खुणा कराव्या लागत. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि आमची गिरणी थांबली ती थांबलीच. वाटले, निदान कानांना तरी शांतता मिळेल. कसली शांतता! साचे थांबले आणि डोक्यातला खडखडाट सुरू झाला. पगाराचे काय? देणी कधी मिळणार? पोराचे कसे होणार? रात्रीचे दोन वाजले तरी डोळ्याला डोळा लागत नव्हता.

2022 च्या बुद्ध पौर्णिमेला मी याच विहारात मैत्रीवर अर्धा तास बोललो. तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. रात्री जेवताना मुलगा सहज म्हणाला, "बाबा, एवढे मोर्चे काढलेत, हाती काय लागलं?" मी भरले ताट भिरकावले. मुलगा एक शब्द न बोलता उठून गेला. आमची मंडळी खाली सांडलेला भात गोळा करता करता एवढेच म्हणाली, "अहो, विहारातलं भाषण उंबऱ्याच्या आत कधी आणणार?" बंधूंनो, मुकादमांची बोलणी आयुष्यभर खाल्ली, पण एवढे कोणाचे लागले नव्हते.

दुसऱ्या दिवशी भन्तेजींकडे गेलो. ते म्हणाले, "रोज पंधरा मिनिटे बसा. येणारा-जाणारा श्वास नुसता बघा." तथागतांनी राहुलला हेच आनापान शिकवले होते. पृथ्वीसारखा हो, असेही सांगितले होते. पृथ्वीवर कोणी चांगले टाको की घाण, ती विटत नाही. बापाने मुलाला द्यायची इस्टेट ती हीच. आणि मी माझ्या मुलाला काय दिले? भिरकावलेले ताट!

बसलो. दोन श्वास झाले नाहीत तोच मन गिरणीच्या गेटवर. ओढून आणले, पुन्हा पळाले. मग मलाच राग यायचा. असे कितीतरी दिवस गेले. एके सकाळी एकदम आठवले, साच्यावर धागा तुटला की आपण काय करत होतो? धाग्याला शिव्या देत नव्हतो. टोक शोधायचे, जोडायचे आणि पुढच्या चातीकडे जायचे. एका पाळीत किती वेळा, त्याचा हिशोब नाही. धागा तुटणार हे धरूनच साचेवाला उभा असतो. मनाचेही तसेच. ते तुटणारच. आपण न चिडता जोडत राहायचे. हे कळले त्या दिवसापासून बसणे जमू लागले.

आमचे काही कार्यकर्ते म्हणतात, "डोळे मिटून बसायला लावणे म्हणजे चळवळ थंड करणे." मीही पूर्वी असेच बोलायचो. पण बाबासाहेब काय सांगून गेले ते पाहा. 20 नोव्हेंबर 1956 रोजी काठमांडूला त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. जबरदस्तीने घडवलेला बदल टिकत नाही, माणसाचे मन बदलले पाहिजे, हा बुद्धाचा मार्ग त्यांनी तिथे मांडला. 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या धम्मग्रंथातही त्यांनी मनाला पहिले स्थान दिले आहे. 1927 साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे बाबासाहेब आणि मन शुद्ध करा म्हणणारे बाबासाहेब दोन नव्हेत, एकच आहेत.

माझा अनुभव सांगतो. पूर्वी थकलेल्या देण्यांसाठी साहेबासमोर गेलो की टेबलावर हात आपटायचो. साहेबाला तेच हवे असायचे. ओरडतो म्हणून बाहेर काढले, विषय संपला. आता शांतपणे बसतो, एकेक कागद पुढे ठेवतो, उत्तर लेखी मागतो. लढा सोडलेला नाही. उलट आता मला चिडवून कोणी बाहेर काढू शकत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. आत पाहायचे म्हणजे आत कुठे आत्मा शोधायचा नाही. आपला धम्म आत्मा मानत नाही. लोभ, द्वेष, मोह कसे उठतात आणि कसे विरतात, ते बघायचे. हे कोणी बुवा करून देत नाही, गंडा-ताईत देत नाही. दारूच्या बाटलीतही ते नाही. तिथे शोधणारे माझे किती सोबती गेले, ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि शांती ही एकदा मिळवून कपाटात ठेवायची वस्तूही नाही. रोज धागा जोडणाऱ्याकडेच ती टिकते.

मुलाची मी माफी मागितली. "असू द्या बाबा," म्हणाला. मला राग अजूनही येतो, खोटे कशाला बोलू? पण राग आणि ताट यांच्यामध्ये आता एक श्वास असतो. तेवढा एक श्वास पुरतो.

माझी विनंती एवढीच, दर रविवारी वंदनेनंतर आपण सर्वांनी विहारात दहा मिनिटे बसावे. ज्यांची नोकरी गेली, ज्यांच्या घरात भांडण आहे, त्यांनी तर जरूर यावे. चटई टाकायला मी अर्धा तास आधी हजर असेन.

नमो बुद्धाय! जय भीम!