अमृतेश्वराच्या दारी

ग्रीस देशातील भग्न देवळे पाहावयास लोक सातासमुद्रापलीकडे जातात. आपल्या राजूरहून भंडारदऱ्यास जाऊन जलाशयाच्या कडेकडेने मोटार पुढे नेली की रतनवाडीस अमृतेश्वराचे देऊळ लागते. तेथे मात्र मी इतक्या वर्षांत मंडळाच्या सहलीमुळेच प्रथम गेले.

देऊळ सुमारे हजार वर्षांचे. आपण त्यास हेमाडपंती म्हणतो. पण हेमाद्री १३ व्या शतकातला, हे त्याच्याही आधीचे. खांबांवर, छतावर बारीक कोरीव काम. जवळच्या पुष्करणीत कोनाड्याकोनाड्यांतून देव बसलेले.

मी भक्तिभावाने नारळ फोडावयास उंबरठ्याशी वाकले. तोच गावची एक आजी म्हणाली, "बाई, तिथं नगं. नक्षी फुटंल." मी ओशाळले. शिकलेली मी, आणि शहाणपण तिच्यापाशी!

अथेन्सचे पार्थेनॉन १६८७ साली दारूगोळ्याच्या स्फोटाने उद्ध्वस्त झाले. आपली देवळे मात्र आपल्याच नारळांनी, तेलाने, भिंतीवर कोरलेल्या नावांनी झिजतात. तेव्हा भगिनींनो, मुलासुनांना घेऊन अवश्य जा. नारळ तेवढा बाहेरच्या साध्या दगडावर फोडा.