नाणेघाट : एक वाट, अनेक नजरा

डोंगर आपल्या जागीं स्थिर असतो; परंतु त्याचा अर्थ पाहणाऱ्यागणिक बदलतो. याचें उत्तम उदाहरण, श्रोतेहो, म्हणजे जुन्नरच्या पश्चिमेचा नाणेघाट. वरचें घाटघर आणि कोंकणांतील वैशाखरे यांना जोडणारी ही अरुंद दगडी वाट माणसें दोन हजार वर्षें चढत-उतरत आलीं आहेत.

सातवाहनकाळच्या व्यापाऱ्यानें या खिंडीकडे हिशेबाच्या नजरेनें पाहिलें. सोपारा, कल्याण या बंदरांतील माल जुन्नरकडे नेण्याची ही वाट. घाटमाथ्यावरील दगडी रांजणांत जकातीचीं नाणीं टाकीत, असें लोक आजही सांगतात. राणी नागनिकेच्या नांवानें प्रसिद्ध असलेला ब्राह्मी लेख येथील लेण्यांतच आहे. अश्वमेध, राजसूय आदि यज्ञ आणि त्यांत दक्षिणा दिलेल्या गाई, हत्ती, घोडे यांची त्यांत मोजदाद आहे. राजकुलाची कीर्ति राजवाड्यांत न कोरतां वाटेवर कोरली, हें मार्मिक होय. कारण येथून सारें जग जात असे.

पुढें तें राज्य लयास गेलें. लेण्याच्या भिंतीवरील राजकुलाच्या आकृतींपैकीं आतां पावलांच्या खुणा आणि वर कोरलेलीं नांवें एवढेंच उरलें आहे. पावसांत सांपडलेल्या गुराख्याला मात्र तें लेणें म्हणजे कोरडा आडोसा. १८२८ सालीं विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस हा लेख पडला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजींनीं त्याचा अभ्यास केला. त्यांतील अंक आपल्या अंकलेखनाचे फार जुने नमुने ठरले. राणीनें दानाचा आंकडा सांगितला. विद्वानांना त्यांत अंकाचाच इतिहास सांपडला!

आजचा तरुण श्रावणांत येथें येतो तो कड्यावरून पडणारें पाणी वाऱ्यानें उलट वर उडतांना पाहण्यास. त्याचा आनंद व्यापाऱ्याच्या लाभाहून हलका मानण्याचें कारण नाहीं. मात्र अशा स्थळीं आपलें नांव खरडण्याचा मोह ज्यास होतो, त्यानें एक ध्यानांत ठेवावें. ऊन, वारा व पाऊस यांनीं त्या लेखाचीं अक्षरें आधींच झिजविलीं आहेत. जीं उरलीं आहेत, त्यांत उद्यांच्या वाचकाला काय गवसेल, हें आज कोणी सांगावें? आपल्या आधीं आलेल्यांनीं तीं आपल्यासाठीं राखलीं; तोच शिरस्ता आपणही पाळावा.