ऊनोदरी आणि वजनाचा काटा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा संपादित भाग)



धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेत, कुंथलगिरी हे सिद्धक्षेत्र वसलेले आहे. कुलभूषण आणि देशभूषण या दोन मुनिराजांची ही निर्वाणभूमी. चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांनी १९५५ साली याच टेकडीवर सल्लेखना स्वीकारली आणि ३६ दिवसांच्या साधनेनंतर १८ सप्टेंबर रोजी समाधिपूर्वक देह ठेवला. आहारत्यागाचे इतके उत्तुंग उदाहरण ज्या भूमीने पाहिले, त्याच भूमीचे नाव आज आणखी एका गोष्टीसाठी घेतले जाते. ती गोष्ट म्हणजे खवा. कोरडवाहू शेतीला दुभत्या जनावरांची जोड देणाऱ्या या परिसरात दूध आटवण्याच्या भट्ट्या पिढ्यानपिढ्या पेटत आल्या आहेत. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. दर्शनाला आलेला यात्रिक वंदना करून खाली उतरतो आणि पेढ्याचा पुडा घेऊन घरी जातो. वरती आहाराचा त्याग आणि खाली आहाराची गोडी, असे हे क्षेत्र आहे. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. संसारी माणसाचे जीवन याच दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालू असते.

आजचा विषय त्या मधल्या माणसाचा, विशेषतः त्या मधल्या स्त्रीचा आहे.

अशी एक गृहिणी डोळ्यांसमोर आणावी. वय पन्नाशीच्या आसपास. दशलक्षण पर्वात एकाशने करते, अनंत चतुर्दशीला उपवास धरते, रात्रिभोजनाचा त्याग लग्नाआधीपासून पाळते. परंतु तिचे वजन कमी होत नाही. डॉक्टर सांगतात, ‘‘खाणे कमी करा.’’ ती कमी करते. चार किलो उतरतात. पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत पाच किलो परत येतात. मग नणंद एखाद्या लग्नात सहज म्हणून जाते, ‘‘वहिनी, एवढे उपास करता, मग अंगावर दिसत कसे नाहीत हो ?’’ मंडप हसतो, आणि तीही हसते. घरी गेल्यावर मात्र तिच्या मनात एक काटा रुतलेला असतो. आपला संयमच खोटा आहे काय ? कोणाच्या नकळत आपण जास्त खातो काय ? अशा स्त्रिया प्रत्येक गावात, प्रत्येक मंदिराच्या सभामंडपात आहेत. पुरुषही आहेत, परंतु त्यांच्या पोटाला समाज भारदस्तपणा म्हणतो आणि पुढे जातो.

या प्रश्नाचे उत्तर शरीरशास्त्राने गेल्या ऐंशी वर्षांत हळूहळू उलगडले आहे. त्याचा आरंभ मोठा मननीय आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत काही तरुणांनी सद्‌सद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिला. त्यांपैकी ३६ जणांनी मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अ‍ॅन्सेल कीज यांच्या प्रयोगासाठी स्वतःचे शरीर स्वेच्छेने दिले. युद्धामुळे उपासमारीत सापडलेल्या लोकांना पुन्हा कसे पोसावे, हे समजून घेण्यासाठी तो प्रयोग होता. अहिंसेचा मार्ग धरलेल्या माणसांनी भुकेचा अभ्यास आपल्या देहावर करू दिला, ही गोष्ट जैन श्रोत्यांना विशेष भावेल. १९४५ साली २४ आठवडे त्यांना सुमारे निम्मा आहार देण्यात आला. त्यांचे वजन जवळपास चतुर्थांशाने घटले. परंतु केवळ वजनच घटले नाही. शरीराने आपला खर्च कमी केला. थंडी वाजू लागली, नाडी मंदावली, चालण्याचा उत्साह गेला. मनही बदलले. हे सुशिक्षित, ध्येयवादी तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले. आणि पुन्हा पोटभर अन्न मिळू लागले, तेव्हाही कित्येकांची भूक बराच काळ शमली नाही.

त्यांची इच्छाशक्ती दुबळी होती असे कोण म्हणेल ? ज्यांनी राष्ट्राच्या रोषाला तोंड दिले त्यांची ?

१९९४ साली लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला आणि या कोड्याचा एक धागा हाती आला. शरीरातील मेद हा निव्वळ साठा नाही. तो मेंदूला सतत निरोप पाठवीत असतो. मेद घटला की निरोप क्षीण होतो, आणि मेंदू दुष्काळ पडल्याचे समजून भूक वाढवतो व खर्च आखडतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले, की वजन घटवून एक वर्ष उलटले तरी भुकेची ही संप्रेरके पूर्वपदावर आलेली नव्हती. २०१६ मधील संशोधनाने तर हिशेबच मांडला. घटलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा दैनंदिन खर्च वीस-तीस उष्मांकांनी उतरतो, परंतु भूक मात्र सुमारे १०० उष्मांकांनी वाढते. शंभर उष्मांक म्हणजे किती ? आपल्या परिसराच्या भाषेत सांगायचे तर एक मध्यम आकाराचा पेढा. पाच किलो वजन उतरवलेल्या गृहिणीचे शरीर तिच्याकडे रोज पाच पेढे जादा मागत असते. महिना, दोन महिने ती नाही म्हणते. वर्षभर, रोज, स्वयंपाकघरात उभी राहून, सर्वांना वाढताना नाही म्हणत राहणे, हे तिचे ओझे कोणाला दिसत नाही.

मराठवाड्याला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. कणगीत ज्वारी थोडी उरली की घरातील कर्ती बाई भाकरी पातळ थापते आणि सुगी आली की आधी कणगी भरते. शरीर तेच करते. त्याला आपण ‘डाएट’ सुरू केल्याचे ठाऊक नसते. त्याला फक्त कणगी रिती होताना दिसते.

महाराष्ट्रात आहारपद्धतींची लाट आली, तिचे एक केंद्र आपल्या शेजारीच, लातूरला होते. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेला. दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत पूर्ण करावे, आणि पंचेचाळीस मिनिटे चालावे, असे ते सूत्र. मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी मात्र दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खाण्याचा मार्ग लोकप्रिय केला होता. घरोघर वाद रंगले. सासू एका पंथाची, सून दुसऱ्या ! दोन्ही मार्गांनी लाभ झालेले लोक आहेत आणि दोन्ही मार्गांनी थकलेलेही आहेत. जैन घरांतील वडीलधाऱ्यांना यातील पहिल्या सूत्राचे नवल वाटले नाही. दोन वेळा बसून, सूर्यास्तापूर्वी जेवणे म्हणजे आपले बेआसणेच, असे ते म्हणाले असतील तर ते चुकीचे नव्हे.

तरीही येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगावी लागेल. सूर्यास्तापूर्वी जेवल्याने वजन आपोआप उतरते, असे आपल्याकडे व्यासपीठांवरून वारंवार सांगितले जाते. चीनमध्ये १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेल्या, आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच आहार घेतला, दुसऱ्या गटाला वेळेचे बंधन नव्हते. उष्मांक दोघांनीही सारखेच कमी केले. वर्षअखेरीस दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून रात्रिभोजनत्याग कमी मोलाचा ठरतो काय ? मुळीच नाही. तो अहिंसेसाठी आहे, जीवदयेसाठी आहे. त्याला वजनाच्या काट्यावर चढवणे हीच चूक आहे.

तपाचेही तसेच आहे. बाह्य तपे सहा सांगितली आहेत आणि त्यांचे प्रयोजन कर्मनिर्जरा हे आहे. अनशनाने कोणी सडपातळ होईल असे अभिवचन कोणत्याही आचार्यांनी दिलेले नाही. उपवासानंतर वजन परत आले, तर तप निष्फळ झाले असा अर्थ होत नाही. शरीराने शरीराचा धर्म पाळला, एवढाच होतो. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण साबुदाणा-शेंगदाण्याच्या फराळाला उद्देशून आहे, निर्जल उपवासाला नव्हे. पण पारण्याच्या ताटाकडे पाहिले तर ती आपल्यालाही थोडी लागू पडते, हे मान्य करावे.

या सहा तपांत अनशनाच्या लगेच पुढे एक तप येते, ज्याची मिरवणूक निघत नाही, ज्याच्या अनुमोदनार्थ फलक लागत नाहीत. ते अवमौदर्य, अर्थात ऊनोदरी. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास आणि स्त्रीचा २८ घास मानून, त्याहून कमी घेणे म्हणजे ऊनोदरी. त्यातील जघन्य प्रकार तर अवघा एक घास कमी घेण्याचा आहे. एक घास ! इतक्या अल्प त्यागालाही शास्त्राने तपाच्या पंक्तीत स्थान दिले. मूलाचारात उदराचे दोन भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक रिकामा ठेवण्याचे विधान आहे. अनशनाला आरंभ आणि समाप्ती असते, म्हणून त्याला पारणे असते. ऊनोदरीला पारणे नसते. ती ज्या ताटात सुरू होते त्याच ताटात पूर्ण होते आणि उद्या पुन्हा करता येते.

वैद्यक आज जे सांगते ते याच्याशी विसंवादी नाही, एवढेच म्हणता येईल. महिन्यात दहा किलो उतरवण्याचा ध्यास सोडावा; मूळ वजनाच्या पाच टक्के घट टिकवली तरी रक्तातील साखर, रक्तदाब, सांधे यांना लाभ होतो. ताटात डाळ, उसळ, ताक यांचे प्रमाण वाढवावे, कारण घाईच्या उपाशीपणात मेदाबरोबर स्नायूही झिजतात. चालण्याबरोबर स्नायूंना थोडे बळाचे काम द्यावे. थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. काही औषधांनीही वजन वाढते, हे डॉक्टरांना विचारावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे अनिवार्य आहे. साखर एकाएकी उतरणे जिवावर बेतू शकते.

आणखी एक बाब. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; परंतु एकाच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के ! भारतीय माणूस बाहेरून सडपातळ आणि आतून मेदयुक्त असू शकतो. म्हणून भारतीयांसाठी पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंतच असावा, असे मानले जाते. त्या मंडपात हसणाऱ्या सडपातळ मंडळींनीही एकदा शिंप्याची टेप कमरेभोवती धरून पाहावी.

सेमाग्लूटाइड, टिर्झेपाटाइड ही नवी इंजेक्शने आता भारतातही मिळतात. त्यांनी भुकेचा निरोपच बदलतो आणि वजन खरोखर उतरते. परंतु सेमाग्लूटाइड थांबवलेल्या रुग्णांचे घटलेले वजन वर्षभरात दोनतृतीयांश परत आल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची आहेत. पण त्यांनी एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली : भूक ही शीलाची परीक्षा नसून शरीराची रचना आहे. ज्या स्त्रीला वीस वर्षे ‘तोंडावर ताबा नाही’ म्हणून हिणवले, तिची भूक एका सुईने शमत असेल, तर ते वीस वर्षांचे बोल कोणी परत घ्यायचे ?

सुवर्णमहोत्सवी वर्षात अनेक संस्था आरोग्य शिबिरे घेतात. तेथे वजनाचा काटा सभामंडपाच्या दाराशी, सर्वांच्या देखत मांडलेला असतो. स्वयंसेवक आकडा मोठ्याने सांगतो आणि दुसरा तो लिहून घेतो. कित्येक भगिनी तो काटा पाहूनच मागे फिरतात, आणि मग त्यांचा रक्तदाब, त्यांची साखर, काहीच तपासले जात नाही. तो काटा पडद्याआड न्यावा. आकडा कागदावर लिहून, घडी करून, ज्याचा त्याच्या हाती द्यावा. शेजारी कमरेची टेप ठेवावी. भोजनशाळेत पेढा ताटात आधीच वाढून ठेवू नये; मागणाऱ्याला आनंदाने द्यावा. आणि पारण्याच्या दिवशी तपस्वी भगिनीला साता विचारावी, किलो विचारू नयेत.