जुनं मशीन घेताना
(वैजापूर येथे बचत गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला जुन्या अवजारांच्या खरेदीवर बोलायला सांगितलं आहे. शिलाई मशीन, शेवयांचं यंत्र, फवारणीचा पंप, जे काही गटाच्या पैशातून आपण जुनं घेतो ते. हा विषय बाजाराचा, आणि बाजार हा बायकांचा प्रांत नाही असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. शेळी पाळायची बाईनं, विकायला न्यायची बाप्यानं.

पण लिलाव आपल्याला नवा नाही. कांद्याच्या ट्रॉलीबरोबर तुमच्यापैकी कितीतरी जणी बाजार समितीत गेल्या आहात. व्यापारी एका गाडीवरून दुसरीकडे सरकतात, बोली होते. कधी एकच जण बोलतो, बाकीचे गप्प राहतात. काय चाललंय ते आपल्याला तिथं उभ्या उभ्या कळतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे.

आधी तपासणी. मशीन बघायला जाताना कापड आपलं न्या, एक पातळ आणि एक जाड. विकणाऱ्याच्या चिंधीवर टाका छानच येतो! चाक हातानं फिरवा, कुठं अडतं का बघा. सुईची दांडी हलवून बघा, ढिली असेल तर आतली झीज मोठी. टेबल आणि रंग शेवटी बघायचा. आपण नेमकं उलटं करतो.

मग घरी बसून आकडा काढायचा. समजा नवं मशीन सात हजाराला मिळतं आणि जुन्याचं निम्मं आयुष्य उरलंय असं मेकॅनिक म्हणाला. म्हणजे साडेतीन हजार. दुरुस्तीला आठशे लागणार. राहिले सत्तावीसशे. ही आपली शेवटची बोली. गटाच्या वहीत लिहा, सह्या करा आणि मगच जा. उघड लिलावात या आकड्यापर्यंत थोडं थोडं चढायचं नि तिथं थांबायचं. बंद पाकीट असेल तर जो आकडा लिहाल तोच भरावा लागतो, म्हणून तिथं शेवटच्या आकड्याच्या थोडं खालीच राहायचं.

थांबणं सोपं नाही. एक शिवणवर्ग बंद झाला, त्याच्या मशीनांचा लिलाव होता. आपल्याच तालुक्यातले दोन गट समोरासमोर आले. एकीनं शंभर वाढवले की दुसरी दोनशे वाढवी. मशीन जवळजवळ नव्याच्या भावात गेलं. जिंकलेल्या गटातल्या बाया परतताना गप्प होत्या.

कायदाही थोडा माहीत असू द्या. 1930 चा मालविक्रीचा कायदा आहे, त्याचं 64 वं कलम लिलावाचं. हातोडा पडेपर्यंत, म्हणजे ‘तीन’ म्हणेपर्यंत, आपली बोली मागे घेता येते. सरकारी लिलावात मात्र अनामतीच्या अटी आधी वाचून घ्या. आणि मालकानं भाव चढवायला खोटं गिऱ्हाईक उभं केलं असेल, तर तो सौदा घेणाऱ्याला रद्द करता येतो. सिद्ध करणं अवघड, हे खरं. पण ‘हा कोण बोलतोय, कुठला आहे’ असं चारचौघांत विचारलं तरी पुष्कळ फरक पडतो.

त्या लिलावानंतर बैठकीत एकीनं सुचवलं, ‘पुढच्या वेळी आधीच ठरवू. एकमेकींवर बोलायचं नाही. एकीनं बोलायचं, बाकीच्यांनी गप्प.’ सगळ्यांना पटलं. मला पटलं नाही. कारण कांद्याच्या ट्रॉलीपाशी आपल्याशी हेच होतं. संगनमतानं बोली लावण्याला 2002 चा स्पर्धा कायदाही मनाई करतो. दोन गटांना एकत्र घ्यायचं असेल तर उघड सांगून, दोघींच्या नावानं, एक गिऱ्हाईक म्हणून घ्या. लपून गप्प बसणं वेगळं.

शिवाय विकणारं नेहमी दुकानदारच असतं असं नाही. एका गटाकडे एक बाई आली. नवरा गेलेला, सासू दवाखान्यात. मशीन दीड हजारात घ्या, पैसे आज संध्याकाळी हवेत. गटाचा आकडा निघाला बावीसशे. वाद झाला. ‘तीच दीड हजार म्हणतेय, आपण कशाला वाढवायचं? हा पैसाही मोलमजुरीचाच आहे.’ हा मुद्दा खोटा नव्हता, आणि बोलणारी बाई दुष्ट नव्हती. शेवटी गटानं तिला हजार रुपये हातउसने दिले आणि सांगितलं, चार दिवस दुसरीकडे भाव काढ, मग ये. ती आली. सौदा दोन हजारांवर झाला, हजार वळते करून घेतले. मला हे फार आवडलं. तिची नड एकीकडे काढली, मग मशीनचा भाव केला. घासाघीस झाली, पण तिला ‘नाही’ म्हणता येत होतं.

आता एक नाजूक गोष्ट. मशीन विकायला नवरा आला, तर मशीन कुणाचं ते विचाराच. माहेरहून आलेलं, तिच्या कमाईचं असेल तर ते तिचं. स्त्रीधनावर पूर्ण मालकी बाईचीच, हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं. आणि ज्याची मालकीच नाही त्याच्याकडून घेतलं तर मालकी सहसा आपल्यालाही मिळत नाही. स्वस्तात मिळतंय म्हणून आपणच एखादीचं पोट तिच्या नकळत उचलून आणायचं का? तिला समोर बोलवा, तिच्याशी एकटीशी बोला, पैसे तिच्या हातात द्या. नवरा चिडेल. चिडू दे, पण त्या दिवशी तिच्या घरी एक चक्कर मारा.

पावतीवर तारीख, रक्कम, मशीनचा नंबर, विकणारीची सही आणि दोन साक्षीदार हवेत. घेणाऱ्याच्या जागी गटाचं नाव, किंवा जी मशीन चालवणार तिचं. नवऱ्याचं नाही, दिराचंही नाही. नमुना फळ्यावर लिहिला आहे, तो वहीत उतरवून घ्या. मग जेवणानंतर त्या कोपऱ्यातल्या मशीनवर आपण सगळ्याजणी बोली लावून बघू.