जठराचा कर्करोग : आधी तपासणी, मग औषध



घरात कर्करोगाचे नाव निघाले की पहिला प्रश्न येतो, ‘माणूस वाचेल का?’ दुसरा कोणी मोठ्याने विचारत नाही, ‘शेत गहाण टाकावे लागेल का?’ या दोन्ही बाबतींत विज्ञान आज काय सांगू शकते, ते जठराच्या कर्करोगापुरते मी सांगणार आहे.

रक्तातील पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराची फौज. काही कर्करोगपेशी अंगावर ‘पीडी-एल वन’ नावाचे प्रथिन बाळगतात. त्याचा स्पर्श झाला की शिपाई थंड पडतो. शिपायाच्या अंगावरील ‘पीडी-वन’ जपानचे तासुकू होंजो यांनी १९९२ मध्ये शोधून काढले. अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांच्यासह त्यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा अडथळा दूर करणारी इंजेक्शने आता उपलब्ध आहेत. पण ती महाग आहेत आणि सर्वांना सारखी लागू पडत नाहीत.

म्हणून गाठीच्या तुकड्यात खुणा पाहतात. पहिली खूण पीडी-एल वनची. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १५८१ रुग्ण होते. ज्यांचा गुणांक ५ किंवा अधिक होता, त्यांच्यापैकी केमोथेरपीसह निव्होलुमॅब मिळालेले निम्मे रुग्ण १४.४ महिन्यांपलीकडे जगले. नुसत्या केमोथेरपीवर हा आकडा ११.१ महिने होता. गुणांक कमी असल्यास लाभही कमी.

दुसरी खूण ‘एमएसआय’. पेशीतील डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडली की चुका साचतात, आणि त्यामुळेच फौजेला शत्रू ओळखता येतो. अशा रुग्णांची शस्त्रक्रियेनंतरची वाटचाल सामान्यतः बरी असते. २०१४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी २९५ गाठी तपासल्या, त्यांत सुमारे २२ टक्के या प्रकारच्या निघाल्या.

तिसरी खूण साध्या रक्ततपासणीत दिसते : न्यूट्रोफिल फार आणि लिम्फोसाइट कमी असल्यास पुढची वाट बहुधा कठीण असते. पण साध्या संसर्गानेही हे प्रमाण बदलते, म्हणून घरी आकडेमोड करून घाबरू नये.

या खुणा म्हणजे भविष्य नव्हे. दौंड तालुक्याचा सरासरी पाऊस कळला, म्हणून आपल्या वावरात किती पडेल हे कळत नाही. मात्र पेरणीचा विचार त्यावरून करता येतो. तसेच हे.

पालकांना तीन गोष्टी सांगतो. थोडे खाल्ल्यावर पोट भरणे, वजन घटणे, वारंवार उलटी, काळी शौचास होणे, असे काही दिसले तर सोड्यावर आणि गोळ्यांवर महिने काढू नका. खुटबावहून रेल्वेने पुणे गाठा आणि दुर्बिणीची तपासणी करून घ्या. रोग किती पसरला आहे, हीच आजही सर्वांत मोठी खूण आहे. महागड्या इंजेक्शनासाठी जमीन काढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, ‘याची तपासणी झाली का? निकाल काय?’ आणि तपासलेल्या तुकड्याचा मेणाचा ठोकळा रिपोर्टसह मागून जपून ठेवा; दुसरीकडे सल्ला घेताना तो उपयोगी पडतो.

विद्यार्थी मित्रहो, मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचा पाया डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी घातला. सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहणारा माणूस रुग्णाला कधी दिसत नाही, पण उपचार त्याच्या शब्दावर ठरतो. आपल्या मुलामुलींनी त्या खुर्चीपर्यंत पोहोचावे, एवढी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.